बिनशिक्क्याचा काटा

आपल्या पोटात स्वादुपिंड नावाचा एक अवयव असतो हे मला एकसष्टाव्या वर्षी कळलं. आणि मला कळलं तेव्हा ते ज्ञातीतल्या चाळीसेक माणसांना आधीच माहीत झालेलं होतं. ज्ञातीच्या मंडळाने वाडीत, म्हणजे ज्ञातीच्या कार्यालयात, तपासणीचं शिबिर भरवलं होतं. नाव नोंदवलेले एक गृहस्थ आयत्या वेळी नवसारीला निघून गेले आणि जागा वाया जाऊ नये म्हणून मला आडवं केलं. फुकटची वस्तू वाया जाऊ देणं हे आम्हा सुरतेच्या लोकांत पाप समजतात. सोनोग्राफी करणाऱ्या बाईंनी पोटावरून ते यंत्र तीनदा फिरवलं आणि पडद्यापलीकडच्या चिटणिसांना ऐकू जाईल अशा बेताने सांगितलं, की स्वादुपिंडाच्या शेपटीला चिकूएवढी पिशवी दिसते आहे. मी पट्टा लावून बाहेर येईपर्यंत बाहेरच्या बाकांवर चिकूचा पेरू झाला होता.

डॉक्टर इटालिया हे अमरेलीकडचे. हाताने सावकाश, तोंडाने भरभर. त्यांनी सगळे फोटो बघून सांगितलं, की पिशवी आज वाईट नाही, पण ही जात उद्या वाईट होणारी आहे, तेव्हा महिन्या-दीड महिन्यात शेपटीसकट काढून टाकायची. काढायच्या रीती दोन. एक जुनी, पोट उघडून हात घालून. दुसरी रोबोची. पोटाला पाच भोकं पाडायची, त्यांतून यंत्राचे हात आत जातात आणि डॉक्टर कोपऱ्यातल्या पेटीत डोकं खुपसून ते हात चालवतात. मी विचारलं, यातली बरी कुठली. त्यांनी मला, रिंग रोडवरचा व्यापारी कापडाच्या गठ्ठ्याकडे बघतो तसं वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"सडपातळ माणसाचं काही अडत नाही, जशवंतभाई. प्रश्न तुमच्यासारख्यांचा आहे."

"माझ्यासारख्यांचा म्हणजे?"

"सुखी माणसांचा."

सुखी माणसाच्या पोटात चरबीचे थर असतात, मोठी जखम चिघळते; शिवाय स्वादुपिंडसुद्धा लोण्यासारखं होतं, टाका धरत नाही, रस गळतो. रोबोने यातलं काय टळतं आणि काय टळत नाही हे कोणालाच नक्की सांगता येत नव्हतं, म्हणून त्यांच्या हॉस्पिटलात एक पाहणी चालू होती. उंचीच्या मानाने वजन मोजायचा डॉक्टर लोकांचा एक आकडा असतो, बीएमआय. तो ज्यांचा पंचवीस ते तीसमध्ये आहे अशांनी कबूल व्हायचं. मग एक बंद पाकीट उघडायचं. आत 'उघडून' लिहिलं असेल तर उघडून, 'रोबो' असेल तर रोबो. त्यात पेशंटचं चालणार नाही, डॉक्टरचंही नाही.

स्वतःच्या पोटाची अशी सोडत निघणार हे ऐकून दुसऱ्या कोणालाही राग आला असता. मला हायसं वाटलं. ते का, हे समजायला माझ्या घरी यावं लागेल.

माझी बायको तरुलता पहिल्या संध्याकाळपासून रोबोच्या बाजूची. तिच्या भावाचा उधन्याला यंत्रावरच्या भरतकामाचा कारखाना आहे. चोवीस सुया एका वेळी चालतात आणि बारा तासांत एक टाका चुकत नाही. हातकामवाल्याचा मात्र जेवणानंतरचा प्रत्येक टाका तिरका, हे तिने माहेरी डोळ्यांनी पाहिलेलं. माझी थोरली बहीण इंदुमती, जिला सगळी शेरी, म्हणजे आमची गल्ली, मोटीबेन म्हणते, ती तितक्याच ठामपणे उघडून करण्याच्या बाजूची. तिचं म्हणणं, पापडी सोलल्याशिवाय आत अळी आहे की नाही हे आजवर कोणाला कळलंय का. चाळीस वर्षं उंधियूची पापडी सोललेल्या बाईला यावर उत्तर देणं सोपं नव्हतं. मोटीबेन समोरच्याच घरात राहते. मला तिने वाढवलं आहे, आणि लग्नानंतर मी कोणाचा, हा दावा गेली तेहेतीस वर्षं आमच्या दोन ओट्यांच्या मधल्या आठ फुटांत चालू आहे. आजवर तो लोणच्यावर, मुलीच्या बारशाच्या नावावर आणि माझ्या स्वेटरच्या रंगावर लढला गेला. आता त्यांना माझं पोट सापडलं.

मी रोबो म्हणालो असतो आणि काही बिघडलं असतं, तर मोटीबेनने ते माझ्या तेराव्यालाही ऐकवलं असतं. उघडून म्हणालो असतो आणि बिघडलं असतं, तर तेरावं निवांत झालं असतं, पण तरुलताने वर्षश्राद्ध कठीण केलं असतं. पाकिटाने काहीही म्हटलं तरी त्याला ना नणंद ना भावजय. पाकिटाशी कोण भांडणार?

शेजारचे ठाकोरभाई वीज कंपनीतून निवृत्त झालेले. त्यांचा प्रश्न एकच होता: मध्येच वीज गेली तर यंत्राचे हात तुमच्या पोटात राहणार की बाहेर येणार. मी म्हटलं, हॉस्पिटलात जनरेटर असतो. ते म्हणाले, जनरेटर सुरू होतो पण डिझेल कोण बघतो. त्यांनी हॉस्पिटलला पत्र लिहून तीन वर्षांत किती वेळा वीज गेली याची तारीखवार माहिती मागवली. उत्तर आलं नाही. ते न येणं हाच त्यांनी पुरावा धरला आणि मोटीबेनच्या पक्षात गेले.

पहिल्या दिवशी माझं वजन भरलं पंच्याऐंशी किलो शंभर ग्रॅम. माझ्या उंचीला शहाऐंशी किलो सातशे म्हणजे बरोबर तीस. म्हणजे मी आत होतो, दीड किलोच्या फरकाने. पाहणीचं काम बघणारी हेतल नावाची काटकुळी बाई म्हणाली, काका, दोन आठवड्यांनी पुन्हा वजन करू, सही करू आणि पाकीट उघडू. तेवढं वाढू देऊ नका. मी हसलो. दोन आठवड्यांत दीड किलो वाढायला मी काय लहान मूल होतो?

पण तो पौष महिना होता आणि मी सुरतेत होतो. आमच्याकडे कोणी परदेशी निघाला किंवा वर्षभराचं तप आरंभणार असला, की आधी नातेवाईक त्याला पाळीपाळीने जेवायला बोलावतात. ऑपरेशननंतर मला तूप-तेल बंद होणार ही बातमी चिकूच्या पाठोपाठ पोचली होती. बोलावणी सुरू झाली. नाही म्हणणं म्हणजे भांडण, आणि एका घरी जेवून दुसऱ्या घरी नाही म्हणणं म्हणजे दोन पिढ्यांचं भांडण. मी हिशेब ठेवला आहे: चौदा दिवसांत अकरा घरं. मामेभावाकडे तापीकाठचा पोंक, म्हणजे ज्वारीचा हुरडा, शेव आणि साखरेची बोरं घालून. मेव्हण्याकडे उंधियू, वरून कच्चं तेल, कारण तेलाशिवाय उंधियू हा अपमान समजतात. वेवाई मंडळींनी, म्हणजे मुलीच्या सासरच्यांनी, तुपात बुडवलेली घारी मागवली. मी अर्धी घारी ठेवली तेव्हा विहीणबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. पुढच्या वेळी खाईन म्हणालो, तर त्या रडायलाच लागल्या. मी ती अर्धी खाल्ली. त्यानंतर आणखी एक खाल्ली, त्यांना बरं वाटावं म्हणून. एका चुलत चुलत्याने तर मला सरळ सांगितलं, की जसु, खाऊन घे, कोणाचं काय सांगता येतं. असं जेवण घशाखाली उतरत नाही असं लोक म्हणतात. उतरतं.

तरुलता घरी मुगाचं पाणी द्यायची. ते मोटीबेनला समजलं, की ती समोरून अडदियाचा, म्हणजे उडदाच्या तुपाळ मिठाईचा, डबा पाठवायची, ऑपरेशनला अंगात ताकद हवी म्हणून. मी दोघींचा मान राखला.

दोन आठवड्यांनी काट्यावर उभा राहिलो. सत्त्याऐंशी किलो चारशे. हेतलने आकडा पाहिला, माझ्याकडे पाहिलं, आणि ज्या हळुवारपणे डॉक्टर वाईट बातमी देतात त्या हळुवारपणे म्हणाली, "काका, तुम्ही सातशे ग्रॅमने बाहेर जाताय."

आता इथे मला माझी नोकरी सांगितली पाहिजे. मी पस्तीस वर्षं तोलमाप खात्यात होतो; निवृत्त झालो तो वरिष्ठ निरीक्षक म्हणून. जहांगीरपुऱ्यापासून सचिन गावापर्यंतचा एकही किराणावाला नाही ज्याच्या काट्याखाली वाकून मी दरवर्षीच्या पडताळणीचा शिक्का पाहिलेला नाही. काट्यावर उभा राहिलेला सामान्य माणूस आकडा पाहतो. मी खाली वाकलो. शिक्का नव्हता. म्हणजे होता, तीन वर्षांपूर्वीचा. तोलमापाच्या दृष्टीने असा काटा म्हणजे नुसतं फर्निचर.

हेतलला मी हे सांगितलं. तिला वाटलं मी बहाणा करतोय. तरी मुलगी भली. म्हणाली, वरच्या मजल्यावर दुसरा काटा आहे, चला. वर शहाऐंशी किलो दोनशे भरलं. ती खूश झाली. तिने पेन काढलं. "हेच लिहिते काका. झालं तुमचं काम."

मला हवं ते सगळं त्या पेनच्या टोकावर होतं. पाकीट होतं, घरातली शांतता होती, वेळेवर ऑपरेशन होतं. आणि मी पुन्हा खाली वाकलो. त्या काट्याला शिक्क्याची जागासुद्धा नव्हती.

"हे लिहू नका," मी म्हणालो.

"का?"

"बिनशिक्क्याच्या काट्यावर माझं वजन होत नाही."

पस्तीस वर्षं मी हेच वाक्य तांदळाच्या बाबतीत म्हणत आलो होतो. स्वतःच्या बाबतीत ते इतकं बाणेदार वाटेल याची कल्पना नव्हती. मी तिथूनच परमारला फोन लावला. परमार माझ्या हाताखाली शिकलेला. आता माझ्या जागी निरीक्षक आहे. मी त्याला एवढंच म्हटलं होतं, की खात्याची वजनं घेऊन ये आणि हा एक काटा जरा पाहून दे. पण मीच त्याला शिकवलं होतं, की दुकानात शिरलास की एक काटा बघून बाहेर पडू नकोस, सगळे बघ. आणि ओळखीचं दुकान असेल तर दोनदा बघ. दुपारी तीनला तो शिपाई आणि पेटी घेऊन आला. साडेपाचपर्यंत त्याने सगळे मजले, औषधांची खोली आणि बाळंतिणींचा वॉर्ड धरून हॉस्पिटलमधले अकरा काटे जप्त केले होते. मी त्याला बाजूला घेऊन म्हटलं, अरे परमार, एवढं नको. तो आदराने हात जोडून म्हणाला, साहेब, परीक्षा घेताय का?

त्या दिवसापासून मी हॉस्पिटलात शिरलो की कुजबुज व्हायची. भूल देणाऱ्या डॉक्टरला पेशंटच्या वजनावर औषध ठरवावं लागतं. काटा नाही म्हणून जी ऑपरेशनं थांबण्यासारखी होती ती थांबवली. त्यात पाच जण होते, आणि पाचही जणांना नातेवाईक होते. एका हर्नियावाल्याच्या भावाने लिफ्टमध्ये मला विचारलं, की तुम्हीच का ते काटेवाले. मी जिन्याने जायला लागलो. डॉक्टर इटालियांनी मला बोलावून पाणी दिलं आणि म्हणाले, की महिना-दीड महिना म्हणालो होतो तो काही मी गमतीने म्हणालो नव्हतो. पिशवीला तुमच्या शिक्क्याशी देणंघेणं नाही.

हॉस्पिटलने तातडीने नवे काटे मागवले. पण नव्या काट्यालाही शिक्का लागतो, शिक्क्याला अर्ज लागतो, आणि तो अर्ज हॉस्पिटलातल्या कोणालाच भरता येईना. कारकून तो घेऊन माझ्याकडे आला. तो नमुना एकोणीसशे अठ्ठ्याण्णव साली मीच तयार केला होता. त्यातला चौदावा रकाना आहे 'पूर्वपडताळणीचा अन्वयार्थ'. त्यात काय लिहायचं हे मला तेव्हाही नक्की माहीत नव्हतं. बढती जवळ आली होती आणि तेरा रकाने कमी दिसत होते. मी 'लागू नाही' लिहिलं. खात्याने अर्ज परत पाठवला: 'लागू का नाही ते लिहावे.' खाली परमारची सही. मग अर्ज गुरुवारच्या शिक्क्याच्या फेरीत बसला नाही, आणि पुढची फेरी पुढच्या गुरुवारी. असे तेरा दिवस गेले. त्या तेरा दिवसांत मी सकाळ-संध्याकाळ फक्त मूग आणि काकडी खाल्ली, आणि रात्री पाठीत, डाव्या अंगाला, काहीतरी दुखतंय असं वाटायला लागलं. खरंच दुखत होतं की मीच ऐकत होतो, ते ठरेना. तरुलताला सांगितलं नाही. मोटीबेनलाही नाही. एकीला सांगितलं असतं तर दुसरीला का नाही, हा नवा दावा उभा राहिला असता.

अखेर शिक्क्याचा काटा आला. मी चपला, चष्मा, किल्ल्या काढून ठेवल्या. खाली वाकून शिक्का पाहिला. ठळक होता, चालू वर्षाचा. वर चढलो.

सत्त्याऐंशी किलो सहाशे.

तेरा दिवस मूग खाऊन. जुना काटा दीड किलो कमी दाखवत होता. परमारच्या अहवालात ते नंतर स्वच्छ लिहून आलं. म्हणजे मी पहिल्या दिवशीही काठावरच होतो, अकरा घरांनंतर कुठल्या कुठे होतो, आणि हॉस्पिटलातला तो खोटा काटा, पस्तीस वर्षांत भेटलेला एकच, गिऱ्हाइकाच्या बाजूने खोटं बोलत होता. हेतलने नाव खोडताना पट्टी धरून रेघ मारली. तेवढा मान तिने राखला.

पाकीट गेलं. डॉक्टर इटालियांनी आम्हा तिघांना खोलीत बसवलं. मी मध्ये, उजवीकडे तरुलता, डावीकडे मोटीबेन. ते म्हणाले, आता पाहणी नाही, तेव्हा रीत तुम्हीच सांगायची, आणि आजच सांगायची. परवा टेबल रिकामं आहे, नाहीतर मग दोन आठवडे नाही.

महिनाभर या दोन बायकांनी मला श्वास घेऊ दिला नव्हता. आता मात्र तरुलता पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "मोटीबेन म्हणतात तसंच करा डॉक्टर. त्यांनी यांना लहानाचं मोठं केलंय."

मोटीबेन दचकली. "माझं काय ऐकता? मी चौथी शिकलेली बाई. तरुचं ऐका. संसार तिचा आहे."

"नाही, तुम्हीच म्हणत होतात ना, उघडून पाहिल्याशिवाय कळत नाही."

"पापडीचं म्हणत होते मी. हा काय पापडी आहे?"

"मग मीसुद्धा भरतकामाचं म्हणत होते."

तेहेतीस वर्षांत पहिल्यांदा दोघी मला एकमेकींना देऊन टाकायला निघाल्या होत्या. तेव्हा मला उमगलं, की या महिन्यात पाकिटाची आशा लावून बसलेला मी एकटा नव्हतो.

"डॉक्टर, तुम्हीच ठरवा," मी म्हणालो.

"मला ठरवता आलं असतं तर पाकिटं कशाला केली असती?"

हे मला पटलं. त्या खोलीत चार माणसं होती आणि चौघांनाही माहीत नव्हतं. अशा वेळी मला जे येतं तेवढंच मी केलं. विचारलं, माझ्यासारख्यांची जखम कशात कमी चिघळते? ते म्हणाले, आतापर्यंत तरी रोबोत. रस गळणं? दोन्हींत सारखंच दिसतं. वेळ? रोबोला जास्त, तास-दीड तास. आणि रोबोने सुरू करून जमलं नाही तर? तर उघडू, ते म्हणाले, दार बंद होत नाही. मी दोन्ही पारड्यांत घालायचं ते घातलं. फार फरक नव्हता. असेल शंभर-दोनशे ग्रॅमचा. पण काटा जेवढा झुकतो तेवढा झुकला असं लिहायचं, हे मी आयुष्यभर दुसऱ्यांना सांगितलं होतं.

"रोबो," मी म्हणालो. "आणि मला कोणीही सांगितलेलं नाही. मी माझ्या अकलेने सांगतोय. सही कुठे करू?"

दोन्ही बाजूंनी सुस्कारे ऐकू आले. कोणाचा मोठा होता ते मी मोजलं नाही.

साडेपाच तास लागले. वीज गेली नाही, याचं ठाकोरभाईंना थोडं वाईट वाटलं असावं. पोटाला पाच भोकं पडली. एका नळीतून आठ-दहा दिवस रस ठिबकत राहिला, तो डॉक्टर रोज मोजायचे आणि रोज 'थोडा कमी' म्हणायचे. पिशवीचा अहवाल आठव्या दिवशी आला. आत बदल सुरू झाले होते, पण भिंतीपलीकडे काही गेलं नव्हतं, वेळेवर निघाली. डॉक्टर इटालिया अहवाल वाचत असताना तरुलता आणि मोटीबेन खिडकीशी शेजारी शेजारी उभ्या होत्या, आणि कोणी कोणाचा हात धरला होता ते मला पलंगावरून नीट दिसलं नाही.

मग आमच्या रिवाजाप्रमाणे समाचाराला येणाऱ्यांची रांग लागली. अकराही घरं आली. त्या दुपारी विहीणबाई स्टुलावर बसून विचारत होत्या, की एवढा मोठा निर्णय तुम्ही लोकांनी घेतला तरी कसा.

"आम्ही कुठला घेणार?" तरुलता म्हणाली. "यांनी कधी कोणाचं ऐकलंय?"

"लहानपणापासून असाच," मोटीबेन म्हणाली. "आम्ही दोघी घसा फोडून सांगत होतो. पण जसुच्या डोक्यात एकदा आलं की आलं."

"हट्टी म्हणजे किती, ते मला विचारा."

"तुला काय विचारायचं तरु, तुझ्या आधी अठ्ठावीस वर्षं मी काढली आहेत."

"तेच म्हणते मी. तुम्हीच सांगा यांना."

मी डोळे मिटून घेतले, म्हणजे मी झोपलो असं वाटून दोघींना आणखी थोडा वेळ तसंच बोलता यावं.